मदत हवी आहे: कुंडीत लाकडाचा भुसा मिसळला आणि रोपं पिवळी पडली

नमस्कार मंडळी,

मुलीला ‘विघटक’ शिकवताना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “बुरशी आणि जिवाणू मेलेलं सगळं कुजवतात आणि झाडांना जेवण देतात.” लगेच प्रात्यक्षिक म्हणून टोमॅटोच्या चार कुंड्यांपैकी दोन कुंड्यांत ताजा लाकडाचा भुसा दोन-दोन ओंजळी मिसळला. तीन आठवड्यांत नेमकी त्याच कुंड्यांतली रोपं खालून पिवळी पडायला लागलीत. बाकीची दोन ठणठणीत. ऊन-पाणी सगळ्यांना सारखंच.

आज बोटभर माती उकरली. भुशाचे कण पांढऱ्या धाग्यांनी एकमेकांना घट्ट बांधलेले. एक ढेकूळ उचललं तर जाळ्यासकट वर आलं. म्हणजे कुजणं जोरात चालू आहे. मग झाडं उपाशी का? बुरशीनाशक टाकू की गांडुळं सोडू? मुलगी रोज विचारते, “जेवण कधी वाढणार?”

प्रतिसाद १

बुरशीनाशक अजिबात नको. धागे भुशालाच लगडलेत म्हणजे ती लाकूड खाणारी बुरशी आहे, तिचं काम ती करतेय.

घोळ नत्राच्या (नायट्रोजनच्या) हिशोबात आहे. जिवाणूच्या शरीरात साधारण ८ भाग कर्बामागे (कार्बनमागे) १ भाग नत्र असतं. खाल्लेल्या कर्बातला बराचसा श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, त्यामुळे खाण्यात १ भाग नत्रामागे २४-२५ भाग कर्ब असला तरी त्यांचं भागतं. भुशात मात्र १ भाग नत्रामागे कर्ब कित्येकशे भाग! ही नत्राची तूट जिवाणू आणि बुरशी मातीतून भरून काढतात. मुळांना हवं असलेलं अमोनियम आणि नायट्रेटच (ही नत्राचीच रूपं) ते उचलतात, आणि या शर्यतीत मुळं मागे पडतात. झाड मग जुन्या पानांतलं नत्र काढून कोवळ्या शेंड्याला पुरवतं, म्हणून पिवळेपणा खालून.

विघटक झाडांसाठी स्वयंपाक करत नाहीत हो. आधी स्वतःचं पोट, उरलं तर झाडाला. पुस्तकातल्या अन्नचक्राच्या गोल बाणांत नेमकं हेच गाळलेलं असतं.

उपाय: हाताला लागेल तेवढा भुसा काढा आणि मातीवर नुसता पसरून ठेवा. भुसा नुसता वर असला की खाली मुळांपाशी नत्राची फारशी ओढाताण होत नाही. सोबत चांगलं कुजलेलं शेणखत द्या. गांडुळांची घाई नको. ती तुकडे बारीक करतात, नत्राची तूट भरत नाहीत.

धागाकर्ता

आभार! म्हणजे ते नत्र कायमचं गेलं?

प्रतिसाद १

छे, अडकून पडलंय. सहज पचणारा कर्ब संपला की जिवाणूंची उपासमार होते, ते मरतात. शिवाय अमीबा आणि सूत्रकृमी (मातीतले अगदी बारीक जंत) त्यांना खातात. जिवाणूंमधलं सगळं नत्र या खादाडांना लागत नाही, जास्तीचं ते अमोनियम म्हणून बाहेर टाकतात. मग दुसरे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. जेवण वाढतात ते हे. पण लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन चिवट असतं, त्यामुळे भुशाच्या बाबतीत याला महिने लागतात.

धागाकर्ता

भुसा काढला, ढेकळं फोडून वर पसरली. मुलीला सांगितलं, “आधी जिवाणू जेवतील, मग त्यांना कोणीतरी जेवेल, मग टोमॅटो.” ती म्हणाली, “म्हणजे आपण चुकीचं शिकलो?” एक कुंडी मात्र तिच्या हट्टापायी तशीच ठेवली आहे. वहीत रोज पिवळी पानं मोजणं चालू आहे.