घरचं खत झाडांना घातलं, पुढे काय झालं? अनुभव सांगा

कर्वेनगर
ओल्या कचऱ्याचं पुण्य जरा बाजूला ठेवू, कुंडीचं बोलू. घरच्या खताने तुमच्या झाडांना नेमका काय फरक पडला?

माझ्यापासून सुरुवात करते. गच्चीत सत्तावीस कुंड्या. पूर्वी विकतची लाल माती भरायचे. दोन पावसाळ्यांत ती अशी दगड व्हायची की पाणी कडेकडेने सरळ ताटलीत, झाड तहानलेलंच. आता माती, घरचं खत आणि चुरलेला पाला सारखे घेऊन भरते. मे महिन्यात दिवसाआड पाणी दिलं तरी मोगरा मान टाकत नाही. कुंडी एकटीला सरकवता येते, हा गुडघ्यांचा फायदा वेगळाच.

सिंहगड रोड
आमची सुरुवात म्हणजे निव्वळ फजिती. रंगाची २० लिटरची बादली, झाकण गच्च, आत उरलेली आमटी, भात, सगळं. आठव्या दिवशी झाकण काढलं आणि शेजारच्या काकूंनी खाडकन दार लावून घेतलं. आई सासवडहून आली होती. डोकावून म्हणाली, "अरे, हे खत नाही, लोणचं घातलंयस तू!"

मग तापलेल्या सळईने बादलीला भोकं पाडली, तळाला नारळाच्या शेंड्या घातल्या, आणि नियम केला: एक मूठ ओलं, दोन मुठी सुका पाला. ओल्यात नत्र (नायट्रोजन) जास्त, पाल्यात कर्ब (कार्बन). कर्ब कमी पडला की जादा नत्र अमोनिया होऊन उडून जातं. म्हणजे नाकाला झोंबतो तो वास झाडाच्याच ताटातला असतो! आता बादलीतला माल मुठीत पिळल्यावर एखाददुसरा थेंब येईल इतपतच ओल ठेवतो.

औंध
पाला कुठून आणायचा हा प्रश्न येणारच. पर्जन्यवृक्ष पानं गाळायला लागला की पोती भरून ठेवा. बारीक पान, पटकन कुजतं. आंब्याचं मात्र चिवट, चुरल्याशिवाय घालू नका.

सदाशिव पेठ
विषय झाडांचा आहे हे मान्य, तरी सांगतोच. घरी गांडूळखत प्रकल्प चालू असेल तर महापालिका मिळकतकरात सवलत देते. पुणेकराला एवढं कारण पुरे.

धनकवडी
डब्यात जाड पांढऱ्या अळ्या झाल्यात, अर्धचंद्रासारख्या वळलेल्या. सासूबाई म्हणतात हुमणी आहे, फेकून दे सगळं. काय करू?

कर्वेनगर
@धनकवडी, थांबा, फेकू नका! एक अळी फरशीवर ठेवून बघा. उताणी होऊन पाठीवर सरपटली तर ती कुजका पाला खाणाऱ्या भुंग्याची, राहू दे बिचारी. पोटावर, पायांनी चालली तर हुमणी समजा, ती मुळं खाते. आणि चपट्या, करड्या, खडबडीत अळ्या दिसल्या तर त्या काळ्या सैनिक माशीच्या, कचऱ्याचा फडशा पाडतात.

धनकवडी
पाठीवर सरपटली! सासूबाईंनाही दाखवली. त्या अजून लांबूनच बघतायत.

विश्रांतवाडी
थोडं विरोधी लिहिते. घाईघाईने अर्धकच्चं खत कढीपत्त्याला घातलं, पंधरा दिवसांत पानं पिवळी. कच्चा माल कुंडीत कुजत राहतो आणि कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढून घेतात, झाड उपाशी. आता आधी वाटीभर खतात मेथी पेरते. नीट उगवून हिरवी राहिली तर खत पिकलं. वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा हवा, भाजीची देठं ओळखू येता कामा नयेत. आणि नुसत्या खतात रोप लावू नका, पाणी धरून मुळं सडतात. माझी शेवंती अशीच गेली.

वारजे
आमच्याकडे खतातून न बोलावता पाहुणे येतात. टोमॅटो, पपई, एकदा आंब्याची कोय. गेल्या पावसाळ्यात गुलाबाच्या कुंडीत लाल भोपळा उगवला. उपटायचं जिवावर आलं. वेल कपड्यांच्या दोरीवरून वरच्या मजल्यावर गेला आणि फळ नेमकं त्यांच्या ग्रीलच्या आत धरलं. वाढल्यावर ते गजांतून बाहेर निघेना. शेवटी वरच्या आजोबांनी आतूनच कापला, अर्ध्याचे घारगे करून पाठवले. बिया मात्र मी मागून घेतल्या.