मुक्तांगणनं तुमच्या घरात काय बदललं?

२९ ऑगस्ट जवळ आला. १९८६ साली याच तारखेला डॉ. सुनंदा आणि अनिल अवचटांनी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंची मदत पाठीशी होती. दारू सोडलेल्यांचे अनुभव पुष्कळ वाचायला मिळतात. इथं घरच्यांनी लिहावं. नाव नको असेल तर नका देऊ. मीच सुरुवात करते.

नवऱ्याला पस्तीस दिवसांसाठी दाखल केलं तेव्हा वाटलं, चला, निदान महिनाभर झोप लागेल. तर मलाही बोलावणं आलं, 'सहचरी'च्या मीटिंगला. सगळ्याजणी पिणाऱ्यांच्या बायका. एकजण सांगत होती, तो कामावर गेला नाही की ती साहेबांना फोन करून सांगते, "ताप आलाय." अगदी हेच शब्द माझे! व्यसन हा आजार आहे आणि तो मी लावलेला नाही, हे मला त्या खोलीत पटलं. माहेरी, सासरी कुणीच असं म्हटलं नव्हतं.

---

मी मुलगा. बाबा घरात आले की आई मला पुढे करायची, "जा, पाणी दे." म्हणजे वास घेऊन ये. आता बाबा फॉलो-अपला नियमित जातात. तरी ग्लास देताना माझा श्वास अजून अडकतो. सोडली म्हणजे दुसऱ्या दिवसापासून घर सुरळीत झालं, असं नसतं हो. आम्हाला वेळ लागतोय.

---

माझा भाऊ वाचला नाही. दोनदा दाखल केला, दोन्ही वेळा स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायला लागला, शेवटी लिव्हर गेलं. नातेवाईक म्हणतात, पैसे वाया गेले. मला तसं वाटत नाही. पहिल्या वेळी घरी आला तेव्हा लेकीला सायकल शिकवली त्यानं, रोज संध्याकाळी, सोसायटीच्या आवारात. शुद्धीतला बाप तिनं पाहिला. वहिनी अजून 'सहचरी'तल्या मैत्रिणींच्या संपर्कात आहे.

---

मुलगा चोवीस वर्षांचा. "मला काही झालेलं नाही" म्हणतो, यायला तयार नाही. मी एकटी गेले तर चालेल का?

---

ताई, आधी फोन करून विचारा आणि जा. तो येईपर्यंत थांबू नका. पहिल्यांदा मीही एकटीच गेले होते. हवं तर मी बरोबर येते.