दार लावून की एकत्र?
एकत्र प्रार्थनेवरच्या चर्चेत एकांनी बायबलमधल्या मत्तय 6:6 चा दाखला दिलाय : दार लावून गुप्तपणे प्रार्थना कर, मग मंडळीची (चर्चमध्ये एकत्र जमण्याची) गरजच काय? पण तो इशारा चौकात उभं राहून दिखावा करणाऱ्यांसाठी आहे. तीनच वचनं पुढे येशू प्रार्थना शिकवतो ती 'आमच्या पित्या' अशी. भाकर 'आमची', अपराधही 'आमचे'. 'माझा' हा शब्द त्यात एकदाही येत नाही!

बायबलच्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला अध्याय 12 मला फार आवडतो. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात, आणि मार्कची आई मरीया हिच्या घरी बरेच जण त्याच्यासाठी प्रार्थना करतायत. सुटलेला पेत्र दारात येतो. रुदा नावाची दासी आनंदाच्या भरात दार न उघडताच तो आल्याचं सांगायला आत धावते, आणि हे प्रार्थना करणारे तिलाच वेडी ठरवतात. म्हणजे सगळ्यांचा विश्वास काही डोंगराएवढा नव्हता. तरी ते जमले होते.

माझ्या वडिलांच्या आजारपणात मला प्रार्थनेला शब्दच सुचेनात. मी नुसता बसायचो, बाकीचे म्हणायचे. शेवटचं 'आमेन' तेवढं माझं. अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना खुद्द प्रभू येशूनेही तिघा शिष्यांना 'माझ्याबरोबर जागे राहा' म्हटलं होतंच की. (ते झोपले, ही गोष्ट वेगळी.)