दोन हजार सासूचे की सुनेचे? सहा महिन्यांचं सरकार आणि आपला सीमाभाग

वडगावकर (धागा सुरू)

20 मे 2023 ला बंगळूरला कर्नाटकच्या काँग्रेस सरकारचा शपथविधी झाला, त्याला सहा महिने उलटून गेले. 4 डिसेंबरपासून अधिवेशनासाठी सगळं सरकार बेळगावजवळच्या हलग्याच्या सुवर्णसौधात येतंय. म्हणजे हायवेकडचे खड्डे बुजणार, लॉजमध्ये खोली मिळणार नाही आणि महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याच्या परवानगीचं दर वर्षीचं नाटक होणार. पाहुणे यायच्या आधी घरातल्या घरात बोलून घेऊ म्हटलं.

लोकांनी 224 पैकी 135 जागा दिल्या त्या नुसत्या पाच गॅरंट्यांसाठी (घरच्या बाईला महिना दोन हजार, बायकांना फुकट बस, फुकट वीज, तांदूळ, बेकार पोरांना भत्ता) नाही. ‘40 टक्के कमिशन’ हा प्रचाराचा मुद्दा आपल्याकडं पेपरात वाचायची गोष्ट नव्हती. हिंडलग्यातल्या कामांच्या बिलावरून 2022 मध्ये एका ठेकेदारानं जीव दिला, मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. पुढं पोलिसांनी मंत्र्याविरुद्ध पुरावा नाही म्हणून अहवाल दिला, तो भाग वेगळा. पण लोकांना वाटलं, आता तरी खिडकीवरचं काम सरळ होईल.

परवा आईचा गृहलक्ष्मीचा, म्हणजे महिना दोन हजाराचा अर्ज घेऊन एका सेवा केंद्रात गेलो. सकाळी साडेआठला नंबर लावला. साडेअकराला ‘सर्व्हर डाऊन’. दुपारी आईचं नाव आधारवर एक, रेशन कार्डावर एक, पासबुकावर तिसरंच निघालं. शांताबाई, शांता आणि कन्नडमधून फिरून आलेलं शांथा. केंद्रातला पोरगा म्हणाला, तिन्ही एक करून आणा. कुठून करायचं? तर तिन्हीला तीन ऑफिसं. योजना चांगली आहे हो, मी नाही म्हणतच नाही. पण पैसे वाटायला सरकार बदललं की खिडकी सुधारायला?

खानापूरची सून

दादा, तुमचं बोलणं पटतंय, पण दोन हजाराला ‘नुसतं वाटप’ म्हणायला पुरुष माणसाचं काय जातं? मी रोज खानापूरहून बेळगावला कापडाच्या दुकानात कामाला येते. पगारातला मोठा तुकडा बसपासात जायचा. 11 जूनपासून आम्हा बायकांना शून्याचं तिकीट मिळतंय. बसमध्ये उभं राहावं लागतंय, जागेवरून भांडणं होतात, मान्य. पण पूर्वी घरात ‘भाड्याचे पैसे द्या’ म्हणून हात पसरत होते, ते बंद झालं. याला सुधारणा नाही तर काय म्हणायचं?

आता माझी रड. माझं माहेर चंदगड. आधारवर पत्ता तिकडचाच होता, कारण लग्नानंतर कोण बदलत बसतंय! पहिले दोन महिने कंडक्टरनं कार्ड बघून सरळ पूर्ण तिकीट फाडलं. कर्नाटकचा पत्ता पाहिजे म्हणाले. अशा सुना सीमाभागात दर गल्लीत पाच-सात निघतील. बंगळूरला बसून नियम करणाऱ्याला हे सुचणार कसं?

आणि दोन हजार आत्तींच्या, म्हणजे सासूबाईंच्या खात्यावर येतात, कार्डावर कुटुंबप्रमुख त्या. मी नाव बदलूया म्हटलं नाही, म्हणणारही नाही. घरात राहायचं आहे मला.

उद्यमबाग फाटा

वहिनी, तुमचं तिकीट शून्याचं, पण ते कोण भरतंय हे कुणी विचारत नाही. पाचही गॅरंट्यांना वर्षाला साधारण 52,000 कोटी लागणार हे जुलैच्या बजेटात मुख्यमंत्र्यांनीच सांगितलं. पूर्ण बजेट 3.27 लाख कोटींचं. रुपयातले पंधरा-सोळा पैसे एवढ्यालाच. मग रस्ते कशातून, शाळेच्या खोल्या कशातून?

आमची लहान मशीन शॉप आहे, सहा माणसं कामाला. घरचं विजेचं बिल शून्य, शॉपचं बिल बघून घाम फुटला. जूनमध्ये आमचे लोक मोर्चा काढून रस्त्यावर आले ते हौस म्हणून नाही. कास्टिंगचं काम वीजदर बघून पलीकडं कोल्हापूरला, शिरोलीला जायला वेळ लागत नाही. पोरांना युवानिधी द्यायच्या आधी त्यांना कामाला लावणारी शॉप उघडी राहिली पाहिजे.

वडगावकर

एक दुरुस्ती. युनिटमागे सरासरी 70 पैशांची वाढ वीज नियामक आयोगानं 12 मेला जाहीर केली, निकालाच्या आदल्या दिवशी. ती या सरकारच्या डोक्यावर फोडू नका.

आणि ‘घरचं बिल शून्य’ हेही सगळ्यांचं नाही. लोकांना वाटतं सरसकट 200 युनिट फुकट. तसं नाही. गेल्या वर्षाची तुमची सरासरी अधिक 10 टक्के. सरासरी 60 असेल तर 66 युनिट माफ, वरचे भरायचे. 200 च्या पुढं गेलात तर सगळंच बिल भरायचं. आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना हे बिल हातात पडल्यावर कळलं.

उद्यमबाग फाटा

आयोगानं केली मान्य. पण नव्या सरकारला सबसिडी देऊन ती थांबवता आली असती. फुकटला पैसे आहेत, याला नाहीत. आमचं म्हणणं एवढंच आहे.

जुना समितीवाला

तुम्ही सगळे भाकरीचा हिशेब करताय. करा. पण कुठल्या भाषेत करताय? वडगावकर, तुमच्या आईच्या नावाचा ‘शांथा’ कुणी केला? अर्ज कन्नडमध्ये, मेसेज कन्नडमध्ये. जिथं 15 टक्क्यांवर भाषिक अल्पसंख्याक आहेत तिथं सरकारी कागद त्यांच्या भाषेत द्यायचे, हे संरक्षण 1956 पासून कागदावर आहे. कुठल्या पक्षाच्या सरकारनं पाळलं? हात, कमळ, सगळ्यांची एकच तऱ्हा. महाराष्ट्रानं 2004 ला सुप्रीम कोर्टात सीमेचा दावा घातला, तो अजून तिथंच पडून आहे. या सरकारकडून माझी अपेक्षा शून्य, त्यामुळं निराशाही नाही. मराठी माणूस दोन हजारात विरघळला याचं तेवढं वाईट वाटतंय.

खानापूरची सून

काका, राग मानू नका. विरघळला म्हणजे काय? 2018 ला समितीची एकही जागा आली नाही, यंदाही नाही. तेव्हा कुठं दोन हजार होते? जिल्ह्यातल्या 18 पैकी 11 जागा काँग्रेसला गेल्या, पण आमच्या खानापुरात तर भाजप आला. म्हणजे लोकांनी गॅरंटीलाही सरसकट मत दिलेलं नाही. समिती आपसात भांडत बसली त्याचं काय ते बोला.

आणि महाराष्ट्राचं कौतुक मीही करते. तिकडं 17 मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पण तेही त्यांच्या हद्दीत. निपाणीहून कोल्हापूरला एसटीनं निघालं की कोगनोळीपर्यंत पूर्ण, पुढं अर्धं. दोन्हीकडचं सरकार आमचं, आणि सवलत मात्र हद्द बघून!

येळ्ळूर शिवार

भांडून झालं असेल तर जरा पावसाचं बोला की ओ. राज्यातले 236 पैकी 223 तालुके दुष्काळी जाहीर झालेत. यंदा आमचं भात पोटरीत असतानाच पावसानं दडी मारली. लोंब्या हातात घेतल्या तर निम्म्या पोचट. चोळून फुंकर मारली की हातात काही राहत नव्हतं. मोटारीला सात तास थ्री-फेज म्हणतात, ती कधी येते कधी जाते ते पंपालाच ठाऊक.

केंद्राकडं सतरा-अठरा हजार कोटी मागितलेत, ते येतील तेव्हा येतील. तोवर राज्यानं शेतकऱ्याला पहिला हप्ता म्हणून जास्तीत जास्त दोन हजार जाहीर केलेत. म्हणजे बायकोला महिन्याला जेवढे, तेवढे मला अख्ख्या हंगामाच्या नुकसानीला. बायको म्हणाली, तुमच्यापेक्षा माझीच शेती बरी चाललीय.

अन्नभाग्यचंही तसंच. दहा किलो तांदूळ म्हणाले होते. केंद्रानं विकायला नकार दिला म्हणून यंदा, 2023 ला, पाच किलोचे माणशी 170 रुपये खात्यावर टाकताहेत. 34 रुपयात बाजारात कसला तांदूळ येतो ते घेऊन बघा. तरी मी सरकारला शिव्या देणार नाही. आकाशाला कोण काय करणार? पण भर दुष्काळात इथं येऊन दहा दिवस गोंधळ घालून जाऊ नका, उत्तर कर्नाटकाच्या पाण्यावर एक दिवस तरी पूर्ण बोला.

वडगावकर

पाण्यावरचा शेतकरीदादांचा मुद्दा मान्य. समितीवाले काका, तुमच्याशी माझं अर्धं जुळतंय. भाषेचा हट्ट मी खिडकीपुरता धरतो. नावाचं स्पेलिंग चुकलं की पैसे अडकतात, हे तर कन्नड माणसालाही पटेल. महिला-बालकल्याण खातं आपल्याच बेळगाव ग्रामीण मतदारसंघाच्या आमदारांकडं आहे. मराठीत छापलेला अर्ज आणि नावदुरुस्तीला एकच खिडकी, एवढंच निवेदन अधिवेशनात द्यायचं ठरवलंय. मराठीत लिहिणार, खाली कन्नड भाषांतर जोडणार. सह्या लागतील.

जुना समितीवाला

कन्नड भाषांतर जोडायची काही गरज नाही.

वडगावकर

जोडलं नाही तर वाचणार कोण, काका?

जुना समितीवाला

बरं, जोडा. पण मराठी वर आणि मोठ्या अक्षरात. माझी सही घ्या.

खानापूरची सून

माझीही घ्या. रविवारी नको, दुकान चालू असतं. आणि कुणाला आधारवरचा पत्ता बदलायचा असेल तर नवऱ्याचं रेशन कार्ड आणि लग्नाचा दाखला दोन्ही बरोबर न्या. मला एकाच कागदावर दोनदा परत पाठवलंय.