य-अक्ष शून्यापासूनच हवा : स्तंभाला नियम आणि रेषेला सूट, हे कशासाठी?

कोरा_कागद

सर्वसामान्य वाचकांसाठी छापलेल्या प्रत्येक आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू झाला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. स्तंभालेखाबद्दल बहुतेक जण हे मान्य करतात. रेषालेखाचा विषय निघाला की मात्र लगेच 'तिथे चालतं' म्हणतात. मला ते पटत नाही. उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं घेतो.

महाराष्ट्रातलं ० ते ६ वयोगटातलं बाललिंगगुणोत्तर, म्हणजे दर हजार मुलग्यांमागे मुली, जनगणनेनुसार १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ होतं. वीस वर्षांत ५२ ची घट, म्हणजे साधारण साडेपाच टक्के. आता अक्ष ८८० पासून सुरू करून स्तंभ काढा. १९९१ चा स्तंभ ६६ एककं उंच येतो आणि २०११ चा १४. डोळ्यांना दिसतं ४.७ पट अंतर, प्रत्यक्षात आहे १.०६ पट. हेच आकडे रेषेने जोडले तर रेषा कड्यावरून कोसळल्यासारखी दिसते. स्तंभात जे खोटं आहे ते रेषेत खरं कसं होईल?

यातला बराचसा दोष सॉफ्टवेअरचा आहे, हेही सांगतो. सगळ्यात लहान आकडा सगळ्यात मोठ्या आकड्याच्या पाच-षष्ठांशांहून जास्त असला की एक्सेल आपणहून शून्य सोडून देतं, अगदी स्तंभालेखातही. ८९४ आणि ९४६ त्या मर्यादेत सहज बसतात. त्यामुळे काढणाऱ्याच्या मनात काही नसलं तरी आलेख कापलेलाच बाहेर पडतो. उपाय सोपा आहे : अक्षावर राइट क्लिक, फॉरमॅट अ‍ॅक्सिस, बाउंड्समध्ये मिनिमम ० टाइप करा. तिथे 'ऑटो' राहू देऊ नका.

शाळेत शिकवलेलं ते नागमोडी संकोचचिन्ह (अक्षाचा खालचा भाग गाळला आहे हे सांगणारं) अक्षाच्या तळाशी काढलं की जबाबदारी संपली, असं कुणी म्हणू नये. स्तंभाची उंची आधी दिसते, चिन्ह नंतर, आणि बहुतेकांना दिसतच नाही.

उतारमापक

स्तंभाबद्दल पूर्ण सहमत, रेषेबद्दल पूर्ण असहमत.

स्तंभ वाचताना डोळा लांबी मोजतो. तळ कापला की लांबी खोटी ठरते, म्हणून तिथे शून्य हवंच, त्यावर वाद नाही. रेषेला लांबी नसते. तिथे आपण बिंदूची जागा पाहतो आणि एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंतचा चढ-उतार पाहतो. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये लोकांना आकृत्या दाखवून अंदाज करायला लावले होते. एकाच मोजपट्टीवरची जागा लोक सर्वांत अचूक वाचतात, लांबी त्याखालोखाल, कोन त्याहून वाईट आणि क्षेत्रफळ आणखी वाईट, असा क्रम त्यांनी मांडला. रेषालेखाचे बिंदू त्या पहिल्या प्रकारातच मोडतात.

आता तुमचा नियम तुमच्याच उदाहरणाला लावून पाहू. आलेखाची उंची ६ सेंमी, अक्ष ० ते १०००. ५२ ची घट कागदावर किती दिसेल? ३ मिलिमीटर. गर्भलिंगनिदानाचं अख्खं संकट त्या ३ मिलिमीटरमध्ये गाडलं जाईल आणि वाचक म्हणेल, काहीच झालेलं नाही. ही दिशाभूल नाही का? अक्ष ८५० ते १००० धरला तर तीच घट दोन सेंमी दिसते, आणि आकडे शेजारी लिहिलेले असतील तर कुणी फसत नाही.

तापमानाचं तर विचारूच नका. शून्य अंश सेल्सिअस म्हणजे उष्णता नाही असं थोडंच आहे? ४० अंश हे २० अंशांच्या दुप्पट गरम नसतात. तिथे शून्याचा आग्रह धरण्यात काय अर्थ?

कोरा_कागद

तापमान सोडून देतो, तिथे मुद्दा बरोबर आहे. (तापमानाचे स्तंभ काढूच नयेत, हे त्यातूनच निघतं. तरी उन्हाळ्यात दर आठवड्याला कुठे ना कुठे ते दिसतात.)

पण 'उतार पाहतो' म्हणता, तो उतार येतो कुठून? तोच आलेख १२ सेंमी रुंद काढला तर घसरण मंद, ४ सेंमीच्या एका कॉलममध्ये बसवला तर तीव्र. मोबाइलवर उभा धरला की आणखी तीव्र. म्हणजे तुम्ही वाचकाला जे मोजायला सांगताय, ते मांडणी करणाऱ्याच्या हातात आहे. शून्य निदान त्याच्या हातात नाही.

उतारमापक

त्यावर क्लीव्हलँड यांचीच सूचना आहे : रेषेचे तुकडे सरासरी ४५ अंशांच्या आसपास येतील अशी लांबी-रुंदी धरा, कारण दोन उतारांतला फरक तिथे सर्वांत नीट कळतो. रेषा फार उभी किंवा फार आडवी झाली की सगळे उतार सारखेच दिसू लागतात.

कोरा_कागद

म्हणजे ५ टक्क्यांची घट असो की ५० टक्क्यांची, दोन्ही ४५ अंशांतच दिसणार. माझा आक्षेप नेमका यालाच आहे. एका आलेखातले तुकडे एकमेकांशी ताडायला ती सूचना उत्तम. पण वाचक एका पानावरचा आलेख दुसऱ्या पानावरच्या आलेखाशीही ताडतो, कुणी सांगितलेलं नसलं तरी.

पाणलोट

दोघंही 'शून्य' ही आयती मिळणारी वस्तू समजून भांडताहात. शून्य कुणाचं, हे आधी ठरवा.

जायकवाडीचं घ्या. एकूण साठवण क्षमता १०२.७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी वापरता न येणारं पाणी, २६.१ टीएमसी, उपयुक्त साठा ७६.६ टीएमसी. बातमीत 'धरण ५० टक्के' येतं ते उपयुक्त साठ्याचं. ५० टक्के उपयुक्त म्हणजे ३८.३ टीएमसी, अधिक मृतसाठा, म्हणजे धरणात प्रत्यक्ष ६४.४ टीएमसी पाणी. एकूण क्षमतेच्या जवळजवळ ६३ टक्के. आता स्तंभ काढताना शून्य कुठलं घेणार? उपयुक्त साठ्याचं शून्य घेतलं तर स्तंभ नाहीसा होतो तेव्हाही धरणात २६ टीएमसी असतं, आणि दुष्काळात मृतसाठ्यातून उपसा सुरू झाला की आकडा उणे होऊन स्तंभ अक्षाखाली उतरतो. एकूण साठ्याचं शून्य घेतलं तर टंचाई दिसतच नाही, कारण स्तंभाचा पाव भाग वापरता न येणारा असतो.

शेतकऱ्यासाठी आणि नगरपालिकेसाठी उपयुक्त साठ्याचं शून्य बरोबर. गाळ किंवा बाष्पीभवनाचा हिशेब मांडायचा तर एकूण साठा लागतो. मी काढतो तेव्हा मृतसाठा राखाडी रंगात अक्षाखाली आणि उपयुक्त साठा निळा अक्षावर ठेवतो, आणि दोन्हींची एककं टीएमसीमध्येच. टक्के फक्त कंसात. दोन धरणांची टक्केवारी एकाच आलेखात शेजारी-शेजारी ठेवणं तर मोठी चूक : कोयनेचा एक टक्का म्हणजे सुमारे एक टीएमसी, एखाद्या लघुप्रकल्पाचा एक टक्का त्यापुढे नगण्य.

आणि पाऊस. देशाचा जून ते सप्टेंबरचा मोसमी पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या टक्क्यांत असा : २०१४ ला ८८, २०१५ ला ८६, २०१६ ला ९७, २०१७ ला ९५, २०१८ ला ९१, २०१९ ला ११०. कोरा_कागद यांच्या नियमाने ० ते १२० चा अक्ष घेऊन ६ सेंमी उंचीत काढा. एक टक्का म्हणजे अर्धा मिलिमीटर. २०१५ चा दुष्काळ आणि २०१६ चं बरं वर्ष यांत साडेपाच मिलिमीटरचा फरक. सहा स्तंभ कुंपणाच्या खांबांसारखे उभे. त्याऐवजी १०० ही तळरेषा धरा, अक्ष उणे २० ते अधिक २०. एक टक्का दीड मिलिमीटर होतो, तोच फरक साडेसोळा मिलिमीटर. ९६ ते १०४ हा हवामान खात्याच्या वर्गवारीतला 'सामान्य' पट्टा फिका राखाडी रंगवा. स्तंभाची लांबी इथेही खरीच आहे, फक्त ती तुटीची किंवा आधिक्याची लांबी आहे.

एक खाच लक्षात ठेवा. ही सरासरी स्वतः बदलत आली आहे : १९५१–२००० साठी ८९ सेंमी, १९६१–२०१० साठी ८८, १९७१–२०२० साठी ८७. जुन्या अहवालांतले टक्के जसेच्या तसे उचलून तीस वर्षांची मालिका लावलीत तर तळरेषा मधेच सरकलेली असते. आधी पावसाचे मिलिमीटर घ्या, मग सगळ्यांना एकच सरासरी लावा.

उतारमापक

पाणलोट यांची युक्ती बाललिंगगुणोत्तरालाही लागू होते. तिथेही शून्य हा कुणाच्या अपेक्षेतला आकडा नाही. नैसर्गिकरीत्या दर १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली. ९५० ची तळरेषा धरा : १९९१ ला उणे ४, २००१ ला उणे ३७, २०११ ला उणे ५६. बेपत्ता मुली थेट दिसतात.

जनगणक

थांबा, इथे घसरताय. पावसाची १०० ही रेषा खात्याने जाहीर केलेली आहे. तुमची ९५० ही रेषा तुम्ही निवडली आहे. १०० मुलींमागे १०५ मुलगे धरले तर ९५२ येते, १०६ धरले तर ९४३. दोन्ही आकडे या शास्त्रात वापरात आहेत. ९५२ धरलीत तर तूट उणे ६ वरून उणे ५८, म्हणजे जवळजवळ दहापट वाढलेली. ९५० धरलीत तर चौदापट. ९४३ धरलीत तर १९९१ चा स्तंभ अधिक ३ होऊन वरच चढतो आणि सगळं काही ठीक होतं असं दिसतं! तळरेषेत नऊचा फरक पडला की गोष्टच बदलते. शून्य कापून होणाऱ्या दिशाभुलीपेक्षा ही जास्त धोकादायक, कारण ती शास्त्रीय दिसते.

शिवाय ते जन्मवेळचं प्रमाण आहे. ० ते ६ वयोगटात अर्भकमृत्यू आणि बालमृत्यू मिसळलेले असतात. मुलगे आणि मुली सारख्या दराने दगावत नाहीत, म्हणून दोन्ही प्रमाणं एकाच रेषेवर मोजता येत नाहीत.

संदर्भ म्हणून ९४३ ते ९५२ असा फिका पट्टा मागे ठेवा, 'जन्मवेळचं अपेक्षित प्रमाण' असं त्यावरच लिहा, आणि पुढे बिंदू व रेषा. स्तंभ नकोच.

उतारमापक

पट्टा मान्य. स्तंभ मागे घेतो.

जुळारी

वाद रंगला आहे, पण छापायला आणि मोबाइलवर टाकायला येणारे आलेख पाहता शून्यापेक्षा इतर गोष्टींनीच जास्त नुकसान होतं.

पहिली म्हणजे काळाचा अक्ष. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या पाच फेऱ्या १९९२–९३, १९९८–९९, २००५–०६, २०१५–१६ आणि २०१९–२१ अशा झाल्या. एक्सेलच्या साध्या रेषालेखात ही नावं म्हणून जातात आणि पाचही बिंदू सारख्या अंतरावर बसतात. दहा वर्षांचं अंतर आणि चार वर्षांचं अंतर एकसारखं! मग शेवटच्या टप्प्यातला बदल खरा आहे त्यापेक्षा संथ दिसतो. इथे शून्य कितीही इमानदारीने ठेवलंत तरी उपयोग नाही. स्कॅटर प्रकार निवडा, क्ष मध्ये वर्ष आकडा म्हणून द्या, फेरीचा मध्य धरा, आणि मग बिंदू रेषेने जोडा.

दुसरी, रंगांची सूची. पाच रेषा, पाच रंग आणि कोपऱ्यात चौकट. वाचकाची नजर हेलपाटे घालते. रेषेच्या उजव्या टोकाशीच नाव लिहा, त्याच रंगात, आणि चौकट काढून टाका. लाल-हिरव्याची जोडी टाळा. अनेक पुरुषांना तो फरक दिसत नाही, आणि कृष्णधवल छपाईत दोन्हींचा जवळजवळ सारखाच राखाडी होऊ शकतो. गडद निळा आणि नारिंगी घ्या; एकच रेषा महत्त्वाची असेल तर ती गडद, बाकी सगळ्या फिक्या राखाडी.

दोन उभ्या अक्षांबद्दल बोलायचं तर डावीकडे एक मोजपट्टी, उजवीकडे दुसरी, म्हणजे दोन रेषा कुठे छेदतील हे काढणाराच ठरवतो.

पाणलोट

दोन अक्षांबद्दल सरसकट नको. पाऊस वरून खाली लटकणाऱ्या स्तंभांत आणि नदीचा विसर्ग खालून रेषेत, ही जलविज्ञानातली जुनी रीत आहे. दिशा उलट असल्यामुळे कुणी छेदबिंदू शोधत नाही, आणि पावसानंतर किती तासांनी पूर चढला ते थेट वाचता येतं.

जुळारी

तो अपवाद मान्य. वर्तमानपत्रात मात्र उलटा अक्ष समजावायला दोन ओळी खर्ची पडतील.

कोरा_कागद

माझं मत थोडं आवरतं घेतो, सोडत नाही. स्तंभ, क्षेत्र आणि रंगवलेली रेषा (रेषेखालचा भाग रंगवला की ती लांबीच होते, हे कुणी लक्षातच घेत नाही) यांना शून्य सक्तीचं. नुसत्या रेषेला सूट द्यायची तर अक्षाच्या सुरुवातीचा आकडा ठळक हवा, आणि पहिल्या व शेवटच्या बिंदूवर किंमत लिहिलेली हवी. लॉग मोजपट्टीवर (जिथे १, १०, १०० हे सारख्या अंतरावर येतात) स्तंभ अजिबात नको, कारण तिथे शून्यच नसतं. तळ १ धरायचा की १०, यावर उंचीचं गुणोत्तर बदलतं.

आणि खरं सांगायचं तर ९४६, ९१३, ८९४ या तीन आकड्यांना आलेख लागतच नाही. एक वाक्य पुरतं.

जनगणक

राज्याच्या तीन आकड्यांना नाही लागत, जिल्ह्यांना लागतो. २०११ च्या जनगणनेतले ३५ जिल्हे घ्या, बीड ८०७ वर सर्वांत खाली. नकाशा रंगवू नका, मोठ्या क्षेत्रफळाचे जिल्हे उगाच डोळ्यांत भरतात. बिंदूआलेख काढा : प्रत्येक जिल्ह्याला एक आडवी ओळ, ४ मिलिमीटर उंचीची, म्हणजे एकूण १४ सेंमी. अक्ष ७८० ते १०००; बिंदू आहेत, त्यामुळे शून्य नको. २००१ चा बिंदू पोकळ, २०११ चा भरीव, दोन्ही एका बारीक रेषेने जोडलेले. क्रम अकारविल्हे लावू नका, २०११ च्या किमतीनुसार लावा, आणि राज्याच्या ८९४ वर एक उभी तुटक रेष.

कोरा_कागद

बिंदू जोडणाऱ्या बारीक रेषेची लांबी म्हणजे थेट घट, तीही अक्ष कापूनसुद्धा खरी. याला माझी हरकत नाही. फक्त जिल्ह्यांची नावं आडवीच लिहा, तिरकी नकोत.