शब्दचर्चा: नाताळच्या फराळाला काय म्हणायचं?

चरईकर

24 तारखेला संध्याकाळी शेजारच्या आंटींकडून दरवर्षीसारखं ताट आलं. वर क्रोशाचा रुमाल. आईने रुमाल उचलला नि म्हणाली, "आला बघ नाताळचा फराळ." त्यावर माझी मुलगी, "आजी, फराळ दिवाळीत असतो!" झालं. रात्रीच्या जेवणापर्यंत तेच चाललं होतं. आईचं म्हणणं, ताटात करंज्या आहेत, म्हणजे फराळच. आंटी त्याच करंज्यांना नेवऱ्या म्हणतात.

तर प्रश्न असा: नेवऱ्या, कलकल (तळून साखरेत घोळलेले कणकेचे तुकडे), मार्झिपान (सुक्या मेव्याची मऊ मिठाई), केकचा तुकडा, या सगळ्याला मिळून मराठीत एक शब्द आहे का? आंटी ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच जुन्या ख्रिस्ती समाजातल्या आहेत, घरात मराठीच बोलतात, त्यामुळे 'तो त्यांच्या भाषेत असेल' असं म्हणून सुटका नाही.

घोडबंदरवासी

ख्रिसमस स्नॅक्स म्हणा आणि मोकळे व्हा.

चरईकर

मोकळं व्हायचं असतं तर इथे कशाला लिहिलं असतं?

वाशीची मंगळूरकरीण

आमच्याकडे शब्द आहे: कुसवार. मंगळूरच्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या सगळ्या गोडाधोडाला मिळून हाच शब्द. गोव्यात कोंसुआद म्हणतात. तो पोर्तुगीज 'कोन्सोआदा'वरून आला, पण तिकडे त्याचा अर्थ नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण. खारवलेला कॉड मासा, उकडलेले बटाटे, कोबी, असा अगदी साधा बेत. आपल्या किनाऱ्यावर येईपर्यंत मासा गळाला आणि शेजारी वाटायचं गोड तेवढं उरलं.

कलकलला गोव्यात किडयो असंही म्हणतात, म्हणजे किडे! कणकेची छोटी गोळी कंगव्यावर किंवा काट्यावर दाबून गुंडाळली की खरंच अळीसारखी दिसते. (कंगवा नवा कोरा असतो हो.)

जुना ठाणेकर

कंगव्यावरून आठवलं. आमची आजी रुखवतासाठी मालत्या, नखुल्या करायची, आणि फणीवर दाबलेल्या त्या 'फणुल्या'. फरक इतकाच की त्या वाळवून खिरीत जायच्या आणि कलकल तळून साखरेत घोळतात. हात तोच.

आता मूळ प्रश्न. 'फराळ'वर दिवाळीचा सातबारा नाही. मूळ शब्द फलाहार, म्हणजे उपासाला खायची फळं. त्यावरून आपण चकली-चिवड्यापर्यंत आलो तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. मग नाताळालाच का अडवायचं? तुमच्या आईंचं बरोबर आहे.

आणि नाताळ हा शब्द तरी कुठला? पोर्तुगीज 'नाताल', जन्माचा सण. ठाणं 1737 मध्ये मराठ्यांकडे आलं, 1739 मध्ये वसई पडली. पोर्तुगीज गेले, पण त्यांचे शब्द मुदपाकखान्यात बसले ते उठलेच नाहीत. पाव, बटाटा, काजू आणि पेरू. पेरूची तर गंमतच. त्यांच्याकडे 'पेरा' म्हणजे नासपती, आपण ते नाव दुसऱ्याच फळाला दिलं. आणि त्यांच्या भाषेत 'पेरू' म्हणजे टर्की पक्षी. लिस्बनमध्ये कुणी नाताळाला पेरू वाढतो म्हणालं, तर तिखट-मीठ घेऊन बसू नका.

कोपरखैरण्याचा पाहुणा

विंदालूमधला आलू म्हणजे बटाटाच ना? आमच्या सेक्टरमधल्या एका हॉटेलात बटाटे घालूनच देतात.

वाशीची मंगळूरकरीण

नाही हो! विंदालू म्हणजे मांसाचं आंबट-तिखट कालवण, आणि नाव आलं पोर्तुगीजवरून: विन्या-द-आल्यूश. वाइन किंवा व्हिनेगर आणि लसूण. 'आल्यू' म्हणजे लसूण. हिंदी कानाने ऐकलं आणि बटाटा आत घुसला.

उत्तनची सून

उशिरा आले, तळणात होते. आमच्याकडे विंदालूला इंद्याल म्हणतात. 'व' कुठे गेला मला विचारू नका.

पण तुम्ही सगळे गोडातच अडकलात. नाताळचं जेवण म्हणजे फुग्या! आणि हा शब्द अस्सल मराठी आहे, फुगण्यावरून. मैदा, अंडी, नारळाचं दूध, थोडी साखर. पूर्वी पीठ ताडीवर फुगवायचे, आता यीस्ट. पीठ हाताला चिकटेल इतकं सैल हवं. ओल्या मुठीत घ्यायचं आणि मूठ आवळायची. अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा वर येतो, तो अंगठ्याने तोडून तेलात सोडायचा. तेल भरपूर असलं आणि पीठ जमलं असलं की फुगी स्वतःच कूस बदलते, झारा लावावा लागत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला माझ्या एकीनेही कूस बदलली नव्हती. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडचं पातेलं स्वतःकडे ओढलं. त्या दिवशी कळलं, फुग्या 'करत' नाहीत, 'सोडतात'. भज्यांसारखंच क्रियापद.

फुग्यांबरोबर सरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण. ते दोन-तीन दिवस आधी करून रोज गरम करायचं. त्यालाही आम्ही 'मुरतं' म्हणतो, लोणच्यासारखं. कालवणात पडतो तो उन्हाळ्यात कुटून ठेवलेला बाटली मसाला, बिअरच्या गडद बाटल्यांत दाबून भरलेला.

कोपरखैरण्याचा पाहुणा

उत्तन तर पश्चिमेच्या टोकाला. मग तुम्ही 'ईस्ट' इंडियन कशा?

उत्तनची सून

कंपनी सरकारची कृपा. इथले बरेच ख्रिस्ती ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. 1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात इथल्या समाजाने संघटना काढली आणि तेच नाव घेतलं. त्याआधी सगळे आम्हाला सरसकट पोर्तुगीज म्हणायचे, त्यापेक्षा हे बरं.

घोडबंदरवासी

प्लम केकमध्ये प्लम का नसतो, तेही सांगून टाका.

जुना ठाणेकर

जुन्या इंग्रजीत बेदाण्यालाही प्लम म्हणायचे. बेदाणे असतात की त्यात.

चरईकर

आज सकाळी जिन्यात आंटी भेटल्या, सरळ त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "आम्ही कुठे काय म्हणतो? ताट. 'जोशांकडे ताट गेलं का?' एवढंच." म्हणजे शब्द चोवीस तारखेपासून आमच्या ओट्यावरच पडला होता.

घरी आईला सांगितलं. ती 'फराळ'वर ठाम आहे. ताट अजून आमच्याकडेच आहे, कारण रिकामं परत द्यायचं नाही आणि तिळाच्या वड्या संक्रांतीशिवाय होणार नाहीत. आंटींनाही ते ठाऊक आहे, त्या कधी मागत नाहीत.