‘आवाज मोठा झाला’ म्हणजे नक्की काय झालं?

खानापूर रोड: एका वाक्यावर अडलोय. मित्रमंडळींच्या दिवाळी अंकासाठी न्यू जर्सीच्या माय केमिकल रोमान्स या बँडवर लिहितोय. २००२ चा पहिला अल्बम पोस्ट-हार्डकोअरच्या, म्हणजे पंकमधून निघालेल्या आक्रमक रॉकच्या मुशीतला. निर्माता थर्सडे बँडचा गायक जेफ रिकली, गाणी अंगावर धावून येणारी. २००६ च्या ‘द ब्लॅक परेड’ला रॉब कॅव्हालो निर्माता, आणि सगळा थाटच बदलला. मरणाला टेकलेल्या एका रुग्णाची कथा अल्बमभर, अंगात बँडवाल्यांचे गणवेश, एका गाण्यात चक्क अमेरिकन गायिका-अभिनेत्री लायझा मिनेली. मी लिहिलं, ‘त्यांचा आवाज मोठा झाला.’ मजकूर तपासणाऱ्या ताई विचारतात, ‘म्हणजे आधी हळू वाजवत होते काय?’ उलट आधीच जास्त कर्कश होते. काय लिहू?

निपाणीकर: ‘भव्य’ लिहा की.

खानापूर रोड: भव्य कबड्डी स्पर्धा, भव्य रक्तदान शिबिर. तो शब्द फलकावरच झिजला हो.

अनगोळकर: ‘साउंड मोठा झाला’ तेवढं लिहू नका. गणपतीत साउंड म्हणजे बॉक्स. ‘त्या मंडळाचा साउंड मोठा हाय’ म्हटलं की ट्रॉलीवर बॉक्स किती, एवढंच डोळ्यापुढं येतंय.

शहापूर पेठ: ‘मोठा’ शब्दाला कशाला दोष देता? अडचण ‘आवाज’ची आहे. मोठा गवई म्हटल्यावर कुणी कान झाकत नाही. मोठा ख्याल मोठा कशानं? विलंबित लय आणि विस्ताराला जागा, म्हणून. अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा किती मुलायम, त्यांच्या गाण्याला लहान कोण म्हणेल? कुमार गंधर्व तर आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे. क्षयानंतर दम कमी पडायचा, आखूड तुकड्यांत गायचे, तरी गाणं मोठंच. तेव्हा ‘त्यांचं गाणं मोठं झालं’ असं लिहा.

संकेश्वर: आमच्या आजीच्या कन्नडातही हेच. ‘दोड्ड दनी’ म्हणजे जोराचा आवाज, ‘दोड्डवरु’ म्हणजे थोर माणसं. मराठीनं हा अर्थ तिथूनच घेतला असणार.

शहापूर पेठ: हिंदीत ‘बडे लोग’ आहेत, तेही कन्नडातून काय?

टिळकवाडी: मला ‘ऐसपैस’ आवडेल. ‘वेलकम टू द ब्लॅक परेड’ नीट ऐका. आधी पियानोचा एकेक सुटा स्वर, मग परेडचा ड्रम, मग गिटारी. सगळे एकदम तुटून पडत नाहीत, एकमेकांना जागा देतात. ज्ञानेश्वर ज्याला टेकून बसले, त्या नेवाशाच्या पैसाच्या खांबातला ‘पैस’ तोच, असं मला वाटतं.

निपाणीकर: ऐसपैस ओसरी असते, ऐसपैस बसतात. या पोरांनी तर झेप घेतलीय. त्यात आकांक्षा कुठं आली?

वडगाव: मूळ दुखणं वेगळंच आहे. बँड, अल्बम, हार्डकोअर सगळं इंग्रजी, ‘आवाज’सुद्धा फारसीच. आवाजाला ‘ध्वनी’ म्हणा, पोस्ट-हार्डकोअरला ‘उत्तर-कट्टर’ म्हणा. उत्तर-आधुनिक चालतं तर हे का नाही?

अनगोळकर: रॉक ऐकणाऱ्या पोराला ‘उत्तर-कट्टर’ कळणार नाही, न ऐकणाऱ्याला तर त्याहून नाही. शिवाय ‘कट्टर’ म्हटलं की आपल्याकडं गाडीच्या काचेवरचं स्टिकर आठवतंय.

वडगाव: सीमाभागात राहतो म्हणूनच मी हट्ट धरतो. पाट्यांवर, दाखल्यांवर आपला शब्द मागं सरकतोय. निदान आपल्या अंकात तरी सरकू नये.

टिळकवाडी: दादा, इथली मराठी टिकली ती बाजारात बोलली गेली म्हणून. कन्नड, उर्दू, इंग्रजी सगळं पचवून टिकली. पोरांच्या आवडीचं मराठीत लिहिलं जातंय, हे मला शब्दापेक्षा मोलाचं वाटतं.

वडगाव: बरं, ‘परेड’ला तरी ‘संचलन’ म्हणाल?

कॅम्प: वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. रेजिमेंटल सेंटर इथं बेळगावातच, त्यामुळं घरात कायम ‘परेड’. संचलन फक्त २६ जानेवारीच्या बातमीत. पण इथं दोन्ही चालणार नाहीत. बँडचा गायक जेरार्ड वे याची कल्पना अशी, की मरण माणसाच्या सगळ्यात लाडक्या आठवणीचं रूप घेऊन येतं. या रुग्णाची आठवण म्हणजे लहानपणी बापानं नेऊन दाखवलेली परेड. बापाचं बोट धरून पोरगा बघतो ती मिरवणूक.

शहापूर पेठ: मिरवण्यात हौस आहे. मरणाला तो शब्द लावायला मन धजत नाही.

संकेश्वर: आमच्याकडं लिंगायत घरात मयताला बसवून, वाद्यं वाजवत नेतात. आणि मिरवणूक शब्दच कन्नड ‘मेरवणिगे’वरून आलाय.

शहापूर पेठ: ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात ‘मिरवत असे’ आहे. इतका जुना शब्द.

खानापूर रोड: मंडळी, मजकूर या आठवड्यात छपाईला जातोय. ‘गाणं मोठं झालं’ ठेवू की नको?

संकेश्वर: ज्ञानेश्वरीत आहे म्हणून कन्नड नाही, हे कसं ठरलं? ‘कानडा हो विठ्ठलु’ कुणी लिहिलं? ‘मेरे’ हा धातू कन्नडात आजही रोजच्या बोलण्यात आहे, शोभणं आणि मिरवणं दोन्ही अर्थांनी. मराठीत ‘मिरव’ला दुसरं मूळ असेल तर दाखवा.

शहापूर पेठ: दाखवतो. कोश काढून बसतो, उद्या लिहितो.